खूप मॉडिफाय केलेली सेकंडहँड स्पोर्ट्स कार वीकेंडसाठी घेताना काय काय बघायचं

जाहिरातीत पार्टची लांबलचक यादी असते, मोठा टर्बो, फोर्ज्ड पिस्टन, कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन), सहा पिस्टनचे ब्रेक, स्टँडअलोन ईसीयू (कंपनीच्या ऐवजी लावलेला इंजिनाचा कॉम्प्युटर), आणि खाली एक ओळ की नुसत्या पार्टवरच गाडीच्या किमतीएवढा खर्च झालाय. वाचून मन लगेच तिकडे धावतं, साहजिक आहे. पण यादी म्हणजे फक्त सामान. ते कोणी बसवलं, कशासाठी बसवलं आणि बसवल्यानंतर गाडी किती चालली, एवढं कळलं तर गाडी निम्मी कळली. उत्तम कंपनीचे पार्ट असलेली आणि तरीही दर शनिवारी गॅरेजमध्ये उभी राहणारी गाडी असू शकते, आणि मोजकेच साधे बदल केलेली पण नीट हाताने बनलेली गाडी वर्षानुवर्षं मजा देऊ शकते. म्हणून खाली जे काही सांगतोय ते सगळं कामाची पारख कशी करायची याबद्दल आहे, पार्टची नावं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असतील.

आधी गाडी कशाला हवीय ते पक्कं करा

वीकेंडला रस्त्यावर चालवायचीये म्हणजे नेमकं काय, तर सकाळी लवकर निघायचं, थोडा हायवे, थोडा घाट, मध्ये कुठेतरी थांबायचं आणि परत येताना हमखास ट्रॅफिकमध्ये अडकायचं. या सगळ्यात फुल थ्रॉटल किती वेळ लागतो? फारच थोडा. बाकी सगळा वेळ अर्ध्या थ्रॉटलवर, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, नाहीतर क्लच दाबून रांगत. त्यामुळे ड्रॅगसाठी किंवा ट्रॅकसाठी बनवलेली गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून रस्त्यासाठी घेऊ नका. मोठा सिंगल टर्बो असेल आणि बूस्ट (टर्बो इंजिनात दाबून भरतो ती जादा हवा) ४५०० आरपीएमनंतर यायला लागत असेल तर रस्त्यावर ती गाडी बहुतेक वेळ झोपलेलीच राहणार, आणि जागी होईल तेव्हा तुम्ही स्पीड लिमिटच्या बरेच वर असाल. टोयोटा सुप्रा ए८० चं टूजेझेड-जीटीई हे तीन लिटरचं इंजिन कंपनीतून सिक्वेन्शियल ट्विन टर्बो घेऊन आलं होतं, म्हणजे खाली एक टर्बो आणि वर दोन्ही, ते नेमकं याचसाठी. लोक ते काढून एकच भलामोठा लावतात, आकडा वाढतो, पण खालचा जोर जातो.

क्लचचंही तसंच. पक क्लच (पूर्ण चकतीऐवजी मोजकेच घर्षणाचे तुकडे असलेला) आणि हलकं फ्लायव्हील लावलेली गाडी सिग्नलवरून सुटताना थरथरते, हळू सोडता येत नाही, चढावर तर घाम फोडते. सॉलिड, म्हणजे रबर नसलेले, इंजिन माउंट असतील तर आयडलला आरसे थरथरतात आणि डॅशबोर्ड वाजतो. ज्याला हे चालतं त्याला चालतं, मी कोणाच्या आवडीला नावं ठेवत नाही, पण विकत घेण्याआधी दोन तास त्यात बसून बघा. आणि एक्झॉस्टच्या आवाजाचे नव्याचे नऊ दिवस असतात, हायवेला १०० च्या स्पीडला जी एकसुरी घूं सुरू होते ती अर्ध्या तासात डोकं उठवते. टेस्ट ड्राइव्हला हायवे स्पीड धरूनच बघायचं, उभ्या गाडीची रेस ऐकून काही कळत नाही.

त्या मॉडेलचं दुखणं माहीत करून घ्या

प्रत्येक इंजिनाला, प्रत्येक चॅसीला आपलं एक ठरलेलं दुखणं असतं आणि मॉडिफिकेशनने ते आधी बाहेर येतं. मॉडेल ठरलं की सगळ्यात पहिलं हेच वाचून काढा. काही उदाहरणं देतो म्हणजे कुठल्या प्रकारची माहिती शोधायची ते लक्षात येईल.

सुबारू डब्ल्यूआरएक्स एसटीआयच्या अडीच लिटर ईजे२५७ मध्ये पिस्टनच्या रिंगलँड (रिंगांच्या खाचांमधली भिंत) तुटणं हा जुना आजार, आणि ट्यून (ईसीयूमधलं पेट्रोल, टायमिंग, बूस्टचं सेटिंग) वाईट असेल तर तो फार लवकर होतो. मित्सुबिशी इव्होच्या ४जी६३ ला टायमिंग बेल्ट असतो आणि त्याच्याजवळच बॅलन्स शाफ्टचा छोटा बेल्ट, तो तुटून टायमिंग बेल्टमध्ये गेला की इंजिन गेलं, म्हणून बेल्ट कधी बदलले याचं बिल बघायचंच. इव्हो १० मध्ये ४बी११ आहे, तिथे चेन आहे. बीएमडब्ल्यू ई४६ एम३ मध्ये मागचा सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारी चौकट) जिथे बॉडीला बसतो तिथला पत्रा तडकतो, आणि एस५४ इंजिनाच्या रॉड बेअरिंगबद्दलही विचारायचं. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ ला १.६ इंजिन असेल आणि त्यावर टर्बो चढवलेला असेल तर मागचा लहान डिफरेन्शिअल ती ताकद फार दिवस सोसत नाही, मजबूत डिफ घातलाय का ते विचारा. होंडा एस२००० चं एफ२०सी हे ९००० आरपीएमपर्यंत फिरणारं नॉन-टर्बो इंजिन, त्याचा कॉम्प्रेशन रेशो ११ किंवा त्याच्याही वर, त्यावर टर्बो लावला की नॉक (पेट्रोल आपोआप, स्फोटासारखं पेटणं) टाळायला फारशी जागाच उरत नाही आणि सगळी भिस्त ट्यूनवर येते.

माझदा आरएक्स-७ एफडीबद्दल वेगळं सांगायलाच हवं. त्याचं १३बी-आरईडब्ल्यू रोटरी इंजिन आहे, पिस्टनऐवजी फिरणारे त्रिकोणी रोटर, दोन, प्रत्येकी ६५४ सीसी. साध्या कॉम्प्रेशन गेजने (इंजिनातला दाब मोजायचा मीटर) ते नीट तपासता येत नाही कारण एका रोटरला तीन बाजू असतात आणि साधा गेज सगळ्यात चांगला आकडा दाखवून मोकळा होतो, एक बाजू खराब असली तरी कळत नाही. रोटरीचा वेगळा टेस्टर लागतो जो तीनही बाजू वेगवेगळ्या दाखवतो. असा टेस्टर आणि तो वापरणारा माणूस सापडत नसेल तर ती गाडी कितीही सुंदर असली तरी थांबा.

जाण्याआधी फोनवरच बरंच कळतं

मालकाला पहिला प्रश्न विचारायचा, आत्तापर्यंत काय काय तुटलं? एवढे बदल केलेली गाडी काहीच न तुटता चालली असं होत नाही. जो माणूस सांगतो की पहिला गिअरबॉक्स गेला, मग अमुक क्लच घातला, तो सरकायला लागला म्हणून दुसरा घातला, इंटरकूलरचा पाइप दोनदा निसटला म्हणून क्लॅम्प बदलले, त्याने गाडी वापरलीय आणि सुधारलीय. जो म्हणतो एकदम टकाटक, कधीच काही नाही, त्याने एकतर चालवली नाही किंवा सांगत नाही.

मग विचारायचं की इंजिन बनवून किती किलोमीटर झाले. आत्ताच बिल्ड पूर्ण झालाय, रनिंग फक्त दोनशे किलोमीटर, हे ऐकून लोक खूश होतात, मला त्याची सगळ्यात जास्त धास्ती वाटते. नवीन बनवलेलं इंजिन चांगलं बनलंय की नाही हे पाच-सात हजार किलोमीटरनंतर कळतं, तोपर्यंत ती फक्त आशा असते. दोन-तीन वर्षं त्याच सेटअपवर चाललेली गाडी, जरा ओरखडे असलेली, डागाळलेलं बोनेट असलेली, ती मला जास्त भरवशाची वाटते.

बिल्ट इंजिन (आतले पार्ट बदलून बांधलेलं) म्हणत असतील तर मशीन शॉपचं बिल मागा. पिस्टन आणि रॉडची बिलं पार्ट विकत घेतले एवढंच सांगतात. बोअर किती केला, पिस्टनला क्लिअरन्स किती ठेवला, बेअरिंगचे क्लिअरन्स मोजून लिहून ठेवलेत का, हे आकडे ज्याच्याकडे कागदावर आहेत त्याचं इंजिन कोणीतरी लक्ष देऊन बांधलंय. काम चालू असतानाचे फोटो मागा. आणि ट्यूनरचं नाव विचारा, मालकाची परवानगी घेऊन ट्यूनरशी थेट बोला. चांगला ट्यूनर गाडी ऐकून लगेच सांगतो, हो ती चांगली आहे, किंवा जरा घुटमळतो. ते घुटमळणं ऐकायला शिका.

"फक्त ट्यून करायची बाकी आहे" हे वाक्य आलं की मी फोन ठेवतो. खरंच तेवढंच बाकी असतं तर त्याने ते करून जास्त पैशाला विकली असती. बहुतेक वेळा ट्यून करायला नेली, तिथे काहीतरी मोठं निघालं आणि मग जाहिरात आली.

गाडीपाशी पोहोचल्यावर

आधीच सांगून ठेवा की गाडी चालू करू नका, मी आल्यावर थंडच चालू करायचीये. पोचल्यावर बोनेटला हात लावून बघा, गरम असेल तर दोन तासांनी परत येतो म्हणा. थंड इंजिन खूप काही बोलतं. टायमिंग चेनची खडखड, पिस्टनचा आवाज, हे गरम झाल्यावर कमी होतात किंवा लपतात. रॉड बेअरिंगची ठकठक मात्र ऑइल गरम होऊन पातळ झालं की उलट वाढते, म्हणून ती गरम इंजिनावरही ऐका. फोर्ज्ड पिस्टन थंड असताना थोडे वाजतात, विशेषतः क्लिअरन्स जास्त ठेवलेला असेल तर, आणि गरम झाल्यावर तो आवाज जायला हवा. गेला नाही तर विषय गंभीर. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही येत राहिला व त्याला गोडसर वास असेल तर कूलंट आत जातंय.

चावी ऑन करताना मीटरकडे बघायचं. चेक इंजिन, एबीएस, एअरबॅग, ऑइल, सगळे दिवे आधी पेटले पाहिजेत आणि मग विझले पाहिजेत. जो दिवा पेटतच नाही त्याचा बल्ब काढलेला असू शकतो, किंवा ट्यूनमधून बंद केलेला. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट वाचणारं यंत्र) सोबत न्या, फॉल्ट कोड नसणं पुरेसं नाही, रेडिनेस मॉनिटर (कॉम्प्युटरच्या स्वतःच्या तपासण्या) पूर्ण झालेत का ते बघा. सगळे अपूर्ण असतील तर कोणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढलीय.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची जागा, वायरिंग. इंजिनाचा आवाज, पेंट, चाकं सगळं लोक बघतात आणि वायरिंगकडे कोणी बघत नाही, पण वीकेंडची वाट लावणारे निम्मे त्रास तिथूनच येतात, गाडी कधी चालू होते कधी होत नाही, खड्ड्यात गेली की बंद पडते, पाऊस पडला की फॅन लागत नाही, आणि असा येतो-जातो फॉल्ट शोधायला मेकॅनिकचे दिवसच्या दिवस जातात. टॉर्च घेऊन डॅशबोर्डच्या खाली वाकून बघा. वायरी पिळून त्यावर काळी टेप गुंडाळलेली दिसली, टॅप कनेक्टर चिमटून लावलेले दिसले, कुठे न जाणारी तुटकी टोकं लोंबताना दिसली, तर गाडी बनवणाऱ्याच्या हाताची परीक्षा तिथेच झाली. फायरवॉलमधून वायर आत येते तिथे रबराचा ग्रोमेट आहे का, की पत्र्याच्या धारेवर ती घासतेय? बॅटरी डिकीत हलवलेली असेल तर पॉझिटिव्ह केबलला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा, नसेल तर अपघातात ती जाड केबल बॉडीला टेकली की आग लागते. मोठा फ्युएल पंप बसवलाय तर त्याला वेगळा रिले आणि जाड वायर दिलीय का, की जुन्याच बारीक वायरवर तो ओढतोय.

पेट्रोलचा वास येतो का ते गाडीत बसून, डिकी उघडून, बोनेट उघडून असं तिन्हीकडे बघा. थोडासा वास "सगळ्याच मॉड गाड्यांना येतो" हे ऐकून घ्यायचं नाही. होज चिरलेला आहे का, एक्झॉस्टच्या जवळून जातोय का, इंजेक्शनच्या प्रेशरला चालणारा आहे का, आणि इथेनॉलवर गाडी चालवत असतील तर इथेनॉल सोसणारा होज आहे का. टर्बोची ऑइल परतीची नळी सतत उताराने खाली सम्पमध्ये गेली पाहिजे, मध्ये वर चढत असेल किंवा दबलेली असेल तर टर्बोच्या सीलमधून ऑइल गळणार. कॅच कॅन (इंजिनातून येणारी ऑइलची वाफ पकडणारा डबा) उघडून बघा. थोडं ऑइल असणारच, पण शेवटचं कधी रिकामं केलं ते विचारा, आठवड्यात भरत असेल तर रिंगमधून कॉम्प्रेशन खाली जातंय.

कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन, हे पैसे वाचवू नका

एवढ्या सगळ्यातून गाडी पास झाली तर अशा गाड्यांवर नेहमी काम करणाऱ्या, आणि मालकाच्या ओळखीचा नसलेल्या मेकॅनिककडे न्या. कॉम्प्रेशन टेस्ट इंजिन गरम करून, थ्रॉटल पूर्ण उघडून, बॅटरी चार्ज असताना करायची. आकडा किती आला यापेक्षा सगळे सिलिंडर एकमेकांच्या किती जवळ आहेत ते बघायचं, साधारण १० टक्क्यांच्या आत फरक हवा. कॅम बदललेले असतील किंवा कमी कॉम्प्रेशनचे पिस्टन असतील तर आकडा स्टॉक मॅन्युअलशी जुळणार नाही, त्याने घाबरून जाऊ नका.

लीक-डाउन त्याहून जास्त बोलकी. सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडतात आणि किती टक्के गळतेय ते मोजतात. १० टक्क्यांच्या आत असेल तर छान, २० च्या वर गेली की काळजी. आणि हवा कुठून फुसफुसतेय ते ऐकायचं, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इनटेकमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा हेड तडकलेलं. सोबत प्लग बाहेर काढलेलेच असतात तर तेही ओळीने ठेवून बघा, एकच प्लग बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचा दिसला तर त्या सिलिंडरमध्ये काहीतरी वेगळं चाललंय. जमलं तर ऑइल फिल्टर कापून आतली घडी उघडा, चमकणारे कण आणि तांबूस झाक दिसली तर बेअरिंग झिजतायत. मालक फिल्टर कापायला नाही म्हणाला तर नवीन फिल्टर आणि ऑइलचे पैसे तुम्ही द्या, त्या माहितीसमोर ते काहीच नाहीत.

ट्यून

मॉडिफाय केलेल्या टर्बो गाडीत इंजिनाचं आयुष्य ट्यूनवर असतं. पार्ट तेच, इंजिन तेच, एका ट्यूनवर पाच वर्षं चालतं आणि दुसऱ्यावर एका उन्हाळ्यात पिस्टन वितळतो. त्यामुळे इथे जरा वेळ काढा.

पहिलं म्हणजे कुठल्या पेट्रोलवर ट्यून केलीय आणि ते पेट्रोल तुम्हाला रोजच्या पंपावर मिळतं का. ऑक्टेनचे (पेट्रोल नॉक किती सोसतं त्याचे) आकडे बघताना गोंधळ होतो, अमेरिकेत पंपावर लिहिलेला ९३ आणि युरोपातला ९८ आरओएन हे जवळपास एकच पेट्रोल आहे, मोजायची पद्धत वेगळी. जपानमध्ये १०० आरओएनवर ट्यून होऊन बाहेर गेलेली गाडी ९५ आरओएनवर तशीच चालवली तर नॉक होणार. ई८५ वर (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं इंधन) ट्यून असेल तर अजून वेगळं, त्यात इंधन साधारण ३० टक्के जास्त लागतं, पंप आणि इंजेक्टर तेवढे मोठे हवेत, आणि फ्लेक्स फ्युएल सेन्सर किंवा पेट्रोलसाठी वेगळी ट्यून नसेल तर साधं पेट्रोल घालून चालवताच येत नाही. जाहिरातीतला मोठा आकडा बऱ्याचदा ई८५ चा असतो आणि तुम्ही चालवणार पेट्रोलवर.

दुसरं, ट्यून झाल्यानंतर काही बदललंय का. डायनो (ताकद मोजायचं मशीन) शीटवरची तारीख बघा आणि पार्टच्या बिलांवरच्या तारखा बघा. इनटेक, इंजेक्टर, टर्बो, डाउनपाइप यातलं काहीही शीटच्या तारखेनंतर आलं असेल तर ती शीट त्या गाडीची राहिलीच नाही. शीटवरचा आकडा चाकांवरचा आहे की क्रँकचा (थेट इंजिनाचा), तेही विचारा, आणि शेंड्यावरच्या आकड्याकडे बघण्यापेक्षा ३००० ते ६००० मध्ये टॉर्कची रेघ कशी आहे ते बघा, रस्त्यावर तुम्ही तिथेच असणार.

तिसरं, लॉग, म्हणजे चालताना ईसीयूने नोंदवलेले आकडे. मालकाकडे लॉग नसेल तर डायनोवर एक पुल (फुल थ्रॉटलने एक धाव) करून घ्या, तीच सुरक्षित जागा आहे. बूस्ट, एअर-फ्युएल (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण), इग्निशन टायमिंग, नॉक आणि इनटेकच्या हवेचं तापमान, एवढं हवं. पेट्रोलचं आदर्श प्रमाण १४.७ ला १, पण बूस्टमध्ये फुल थ्रॉटलला ढोबळमानाने ११ ते १२ च्या आसपास असायला हवं. पोर्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात बूस्टमध्ये १३ च्या वर जात असेल तर पुल तिथेच थांबवा. बूस्ट ठरलेल्या आकड्यावर जाऊन स्थिर राहतो की वर उसळी मारतो, नॉकमुळे ईसीयू टायमिंग मागे ओढतोय का, हे ट्यूनरला दाखवून वाचून घ्या.

आणि चौथं, ट्यूनची फाइल मिळणार का? स्टँडअलोन ईसीयूला पासवर्ड असतो, मॅप (ट्यूनचे आकडे) लॉक केलेला असतो, आणि तो ट्यूनर आता धंद्यात नसला तर पुढच्या वेळी सगळं शून्यापासून करावं लागतं. फाइल आणि पासवर्ड व्यवहारातच लिहून घ्या.

खाली, लिफ्टवर

गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय घेऊ नका. सबफ्रेमच्या जागा, स्ट्रट टॉवर, जॅक लावायच्या जागा, कुठे नवीन वेल्डिंग, कुठे ताजा काळा रंग फासलेला, हे बघा. पेंट जाडी मोजायचं मीटर स्वस्तात मिळतं, कंपनीचा पेंट साधारण १०० ते १८० मायक्रॉनच्या आत असतो, ३०० च्या वर गेला की परत रंगवलंय, आणि त्याहूनही बराच वर असेल तर खाली पुट्टी आहे. वाइडबॉडी किट असेल तर आतून हात घालून बघा, मूळ फेंडर कापलेल्या कडेला रंग मारून सील केलंय का, नसेल तर किटच्या आड गंज बसलेला असतो आणि बाहेरून गाडी चकाचक दिसते.

कॉइलओव्हरच्या आट्या गंजून जाम झाल्यात का, डॅम्परमधून (शॉक अॅब्सॉर्बर) तेल गळतंय का. खूप खाली बसवलेली गाडी फोटोत छान दिसते, पण तिचा डॅम्पर बंप स्टॉपवरच (शेवटचं रोखणारं रबर) टेकलेला असतो आणि सस्पेन्शनची भूमिती बिघडते, मग खडबडीत वळणावर स्टिअरिंग आपोआप ओढतं. टायरची आतली कड हात फिरवून बघा, बाहेरून नवीन आणि आतून तारा दिसणारा टायर मी खूप गाड्यांना बघितलाय. टायरवर चार आकडी तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा, सहा-सात वर्षांपेक्षा जुना टायर कितीही खोल खाच असली तरी बदलायचा हिशोब धरा, आणि सेमी-स्लिक असेल तर पावसात ती गाडी बाहेर काढायची नाही. स्पेसर (चाक बाहेर सरकवायची चकती) असतील तर नट किती आट्या धरतोय ते मोजा. ब्रेकला ट्रॅकचे पॅड असतील तर थंड असताना ते नीट धरत नाहीत, आणि रस्त्यावर ब्रेक बहुतेक वेळा थंडच असतात. पॅड बदलणं सोपं आहे, त्यासाठी गाडी सोडू नका, पण लगेच बदला.

रोल केजबद्दल माझं मत पक्कं आहे. हेल्मेट न घालता रस्त्यावर चालवायच्या गाडीत डोक्याजवळ लोखंडी पाइप नको. पॅडिंग असलं तरी साध्या धडकेत डोकं त्यावर आपटतं. मागच्या सीटच्या जागी असलेला हाफ बार, डोक्यापासून लांब, तो ठीक. हार्नेस (रेसिंगचा अनेक पट्ट्यांचा बेल्ट) आहे पण सीट साधीच आहे, किंवा स्टिअरिंग बदलताना एअरबॅग काढून टाकलीय आणि मूळ बेल्टही नाही, अशी गाडी मूळ बेल्ट, सीट, एअरबॅग परत बसवता येणार असेल तरच घ्या.

कागद

चॅसी नंबर, इंजिन नंबर कागदाशी जुळवा. इंजिन स्वॅप असेल तर ते कागदावर चढवलंय का, हे पैसे द्यायच्या आधी. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेला असेल तर बहुतेक देशांत रस्त्यावर चालवणं बेकायदा आहे, तपासणीत गाडी नापास होते, मूळ कॅट सोबत मिळतोय का विचारा. विमा कंपनीला सगळे बदल लेखी सांगा आणि ठरवलेल्या किमतीचा विमा मिळतो का बघा, कारण न सांगितलेल्या बदलांमुळे क्लेम नाकारला जाऊ शकतो आणि तेव्हा वाद घालून उपयोग नसतो. हे काम गाडी घेतल्यावर नाही, आधी, कारण काही बदलांवर विमाच मिळत नाही.

टेस्ट ड्राइव्ह

पहिली फेरी मालकाला चालवू द्या आणि तुम्ही शेजारी बसा. थंड गाडी तो कशी चालवतो ते बघा, ऑइल गरम व्हायच्या आत बूस्टमध्ये नेत असेल तर रोज असंच करत आलाय. मग तुम्ही घ्या. ट्रॅफिकमध्ये न्या, रांगवा, एसी लावून आयडलला दहा-पंधरा मिनिटं उभी करा आणि कूलंटचा काटा बघा, इंटरकूलर आणि ऑइल कूलर समोर आल्यामुळे रेडिएटरला हवा कमी मिळते आणि बऱ्याच गाड्या इथेच हरतात. गरम असताना बंद करून पंधरा मिनिटांनी परत चालू करा. अर्ध्या थ्रॉटलवर हळू वेग वाढवा, झटके येतात का? मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून थ्रॉटल द्या, आरपीएम वाढतोय आणि वेग वाढत नाहीये तर क्लच सरकतोय. दुसरा-तिसरा गिअर थोडा जलद टाकून बघा, करकरला तर सिंक्रो (गिअर जुळवणाऱ्या रिंगा) गेलेत. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून हळू चालवा, टायर घासतो का ऐका, प्लेटवाला एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरेन्शिअल) असेल तर मागून थोडी टकटक येते, ती चालते.

भाव

मॉडिफिकेशनवर झालेला खर्च विकताना वसूल होत नाही, विकणाऱ्यालाही हे माहीत असतं. तेच मॉडेल चांगल्या स्थितीत स्टॉक किती जातं ते बघा आणि तिथून सुरुवात करा. मूळ पार्ट डब्यात भरून सोबत मिळणार असतील तर थोडे जास्त द्या, मूळ टर्बो, ईसीयू, एक्झॉस्ट, सीट हे पुढे सोन्याच्या भावाने शोधावे लागतात. आणि तुमच्या बजेटचा पाचवा हिस्सा तरी हातात ठेवूनच सौदा करा. सगळे पैसे गाडीत घातले आणि पहिल्याच महिन्यात क्लच गेला तर ती वर्षभर कव्हरखाली राहते.

घरी आल्यावर पहिल्या काही आठवड्यांत

सगळी ऑइलं बदला, इंजिन, गिअरबॉक्स, डिफ, ब्रेक फ्लुइड, कूलंट. नवीन प्लग ट्यूनरने सांगितलेल्या गॅपवर घाला. धुराच्या मशीनने बूस्ट लीक शोधून घ्या, जुन्या सिलिकॉन कपलरला बारीक चिरा असतातच. सस्पेन्शनचे, चाकांचे, टर्बोचे नट-बोल्ट टॉर्क रेंचने बघा आणि व्हील अलाइनमेंट रस्त्याच्या हिशोबाने करून घ्या, थोडा निगेटिव्ह कॅम्बर (चाक वरून आत झुकलेलं) राहू दे, पण टो (चाकाचं तोंड आत की बाहेर) सरळ हवा, टायर त्यानेच जास्त खातात. बूस्ट कंट्रोलरला कमी बूस्टचा मॅप असेल तर सुरुवातीला त्यावरच चालवा आणि दर फेरीला लॉग ठेवा, म्हणजे काही बदललं तर लगेच दिसेल. नवीन काही लावायची घाई नको, आधी ही गाडी नॉर्मल असताना कशी असते ते कळू दे.

डिकीत एक पिशवी ठेवा, दोन-तीन टी-बोल्ट क्लॅम्प, फ्यूज, रिले, कपलर, टेप, थोडं कूलंट, पाने. आणि टो हुक. बदललेल्या बंपरच्या मागे मूळ टो हुकची आटी उघडी आहे का आणि तो तिथे खरंच बसतो का, हे घरच्या पार्किंगमध्येच एकदा फिरवून बघा.